संस्थेचं विकिपीडियाचं पान ‘नीट करून द्या’ असा हुकूम आलाय

शेल्फ_क्रमांक_९ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सोलापुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या महाविद्यालयात ग्रंथालयात काम करते. संस्थेचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, पण त्यांनीही इथे लिहू नये ही विनंती.

मराठी विकिपीडियावर आमच्या संस्थेचं छोटंसं पान आहे. बहुधा कुणा माजी विद्यार्थ्याने केलेलं. त्यातला निम्मा मजकूर विश्वस्तांच्या दोन गटांतल्या वादावर आहे. वाद धर्मादाय कार्यालयापर्यंत गेला होता, त्याच्या दोन बातम्या संदर्भ म्हणून दिल्यात आणि त्या खऱ्या आहेत. आमच्याकडच्या बांधीव अंकांत मी त्या बघितल्या.

आता महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार. सचिवसाहेबांनी बोलावून सांगितलं, “मॅडम, तुम्ही त्या विकिपीडियाच्या कार्यशाळेला गेला होता ना? मग पान नीट करून द्या. वादाचं काढा, संस्थापकांचं घाला. वेबसाइटवर मजकूर तयारच आहे, तोच उचला.”

वादाचं काढणं मला पटत नाही. पण शाळा-महाविद्यालयं चालवणाऱ्या इतक्या जुन्या संस्थेच्या पानावर निम्मं भांडणच असावं हेही पटत नाही. शिवाय या कामाचे मला वेगळे पैसे मिळणार नाहीत, नेहमीच्या पगारातच करायचंय. तरी हे ‘पैसे घेऊन केलेलं संपादन’ धरतात का? आणि साहेबांना सांगायचं कसं? जाणकारांनी लिहावं.

जुन्या_मिलचा_भोंगा

ताई, काढून टाका की. दोन मिनिटांचं काम हाय. मराठी विकिपीडिया बघतंय कोण? नॅकवाले तर इंग्रजी बघणार.

चावडीकर

भोंगासाहेब, बघणारे बघतात. ‘अलीकडील बदल’ हे पान उघडून बसणारे आम्ही थोडेच आहोत, पण आहोत. संदर्भासकट परिच्छेद उडाला की लगेच डोळ्यात येतं. पानाच्या ‘इतिहास पहा’मध्ये जुना मजकूर जसाच्या तसा राहतो, कुणी काय काढलं तेही दिसतं. म्हणजे उद्या कुणी बातमी केलीच, तर ती ‘संस्थेने स्वतःच वाद पुसला’ अशी होईल. आधी एक वाद होता, मग दोन होतील.

ताई, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : हो, धरतात. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या वापराच्या अटींमध्ये जून २०१४ पासून हे कलम आहे. वेगळं मानधन मिळतं की नाही हा मुद्दाच नाही. मालकाने किंवा वरिष्ठाने सांगितलं म्हणून, नोकरीचा भाग म्हणून संपादन केलं की ते मोबदल्याचं संपादन. मग तीन गोष्टी उघड कराव्या लागतात : नोकरी कुणाकडे, काम कुणासाठी, आणि विषयाशी नातं काय. हे तुमच्या सदस्य पानावर लिहा, लेखाच्या चर्चा पानावर लिहा किंवा बदल जतन करताना सारांशाच्या रकान्यात लिहा, कुठेही चालतं. तुमचं स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही. आणि तुम्ही वर जी विनंती केलीत ना, ओळखलं तरी लिहू नका, तोच नियम तिथेही आहे. दुसऱ्याची ओळख फोडली तर फोडणाऱ्यावरच कारवाई होते.

हे उघड केलं की लिहायला मोकळे, असंही नाही. अपेक्षा अशी असते की पानाला स्वतः हात लावायचा नाही. काय बदल हवा तो चर्चा पानावर मांडायचा, संदर्भ द्यायचे, आणि ज्याचा संस्थेशी संबंध नाही अशा संपादकाने तो तपासून करायचा. बोर्डाच्या परीक्षेत पोरगं बसलं असेल तर त्याचा पेपर तपासायला बापाकडे देत नाहीत. बाप लबाड आहे असं त्यात कुणी म्हणत नसतं.

आणि वेबसाइटवरचा मजकूर उचलू नका, मग तो संस्थेचाच का असेना. विकिपीडियावर टाकलेला मजकूर मुक्त परवान्याखाली जातो, कुणीही तो वापरू शकतो, धंद्यासाठीसुद्धा. तशी लेखी परवानगी संस्थेने दिली नसेल तर ते प्रताधिकाराचं उल्लंघन. शिवाय ‘ज्ञानगंगा खेड्यापाड्यांत पोहोचवणारे शिक्षणमहर्षी’ वगैरे तिथे तसंही टिकत नाही.

शेल्फ_क्रमांक_९

शेवटचं वाक्य तुम्ही आमच्या वेबसाइटवरूनच घेतलंत की काय! आभारी आहे. थोडं स्पष्ट झालं.

अक्कलकोट_रोड

आमचं दुःख ऐका आता. मामांचा चादर-टॉवेलचा कारखाना आहे एमआयडीसीत. मी इंग्रजी विकिपीडियावर पान केलं. कधी सुरू झाला, माल कुठे जातो, डिझाइन कशी, सगळं खरं. एक अक्षर खोटं नाही. जाहिरात म्हणून उडवलं. आणि गंमत म्हणजे पान उडाल्यावर ईमेल आला, ‘आम्ही अनुभवी संपादक आहोत, पान परत आणून देतो, पुढे कुणी हात लावणार नाही याची हमी.’ रक्कम सांगितली ती ऐकून मामा म्हणाले, एवढ्यात एक माग दुरुस्त होतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळालाय, जगात नाव आहे, आणि चादर विणणाऱ्याचं पान उडवतात, हा कुठला न्याय?

चावडीकर

पैसे दिले नाहीत ना? बरं केलंत. ही जुनी टोळीबाजी आहे. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियाने एका फटक्यात ३८१ खाती बंद केली, ते प्रकरण ‘ऑरेंजमूडी’ नावाने ओळखलं जातं. पद्धत अगदी हीच. नाकारलेले, उडवलेले लेख हेरायचे, ते ज्याच्यावर आहेत त्या छोट्या धंदेवाल्याला किंवा कलाकाराला गाठायचं, पैसे घेऊन लेख चढवायचा, आणि नंतर ‘संरक्षणा’साठी दरमहा पैसे मागायचे. त्यांचे दोनशेच्या वर लेख उडवले गेले. पैसे भरणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. हमी देणारा कुणीही असो, विकिपीडियावर अशी हमी देण्याचा अधिकार कुणालाच नाही, प्रचालकाला (म्हणजे जादा अधिकार असलेल्या संपादकाला) पण नाही.

त्याच्या आधी २०१३ मध्ये विकी-पीआर नावाच्या अमेरिकेतल्या कंपनीची अडीचशेहून जास्त खाती अशीच बंद झाली होती. २०१४ चं कलम आलं ते त्यानंतर.

तुमच्या पानाचं म्हणाल तर ‘खरं’ असणं पुरत नाही. मामांच्या कारखान्याबद्दल मामांशी, भाच्याशी, गिऱ्हाइकाशी संबंध नसलेल्या कुणी सविस्तर लिहिलंय का, हे बघतात. सोलापुरी चादरीवर असं लिखाण भरपूर आहे, म्हणून चादरीचं पान टिकतं. एकेका कारखान्यावर नाही. यात तुमच्या मामांचा अपमान नाही.

अक्कलकोट_रोड

अपमान नाही कसा. बरं, राहू द्या. चादरीच्या पानावर मी लिहिलेलं चालेल का?

चावडीकर

मागाचे प्रकार, जकार्ड, सूत, रंगाई यावर संदर्भासह लिहा. तुमच्यासारखी माहिती आमच्याकडे कुणाला नाही. मामांच्या कारखान्याचं नाव आणि दुवा घालू नका, एवढंच. कारखान्यातल्या मागांचे चांगले फोटो काढून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर, चढवलेत तर फारच उत्तम, तिथे कमतरता आहे.

नवी_पेठ_वार्ताहर

संदर्भ, संदर्भ म्हणताय तर पेपरच्या आतल्या बाजूचं थोडं मीही सांगतो. बरीच वर्षं या शहरात बातमीदारी केली. वर्धापनदिनाची किंवा शिक्षणमहर्षींच्या वाढदिवसाची रंगीत पुरवणी निघते, त्यातला मजकूर बहुतेक वेळा संस्थेकडूनच आलेला असतो. जाहिरात घेतली की सोबत ‘लेख’ जातो. वर लेखकाचं नाव नसतं, असलं तर ‘प्रतिनिधी’. तेच कात्रण पुढे विकिपीडियावर ‘स्वतंत्र संदर्भ’ म्हणून लागतं. म्हणजे हितसंबंध संपादकात नाही, थेट संदर्भातच शिरलेला. तुमच्या त्या प्रचालकांना हे कळतं का?

चावडीकर

कधी कळतं, कधी नाही. दूर बसलेल्याला सोलापूरची पुरवणी आणि सोलापूरची बातमी यातला फरक ओळखणं अवघड जातं, आणि इथेच तुमच्यासारख्यांची गरज आहे. चर्चा पानावर ‘हा मजकूर जाहिरात पुरवणीतला आहे’ एवढं एक वाक्य टाकलंत तरी उपयोग होतो.

कधीकधी प्रचालकच त्यातला निघतो. आयआयपीएम या व्यवस्थापन संस्थेचं प्रकरण आठवत असेल. ‘वायफायवन’ नावाने लिहिणारा इंग्रजी विकिपीडियाचा प्रचालक वर्षानुवर्षं त्या पानाला संस्थेच्या बाजूने झुकवत राहिला. २०१५ मध्ये तिथल्या लवाद समितीने त्याला बाहेर काढलं, पण तोवर किती विद्यार्थ्यांनी ते पान वाचून प्रवेश घेतला असेल, विचार करा. ताई, तुमच्या साहेबांना हे सांगा. शिक्षणसंस्थेचं पान पालक वाचतात.

आणि विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांचंही घ्या. २००५ मध्ये त्यांनी स्वतःच्याच चरित्राच्या पानात बदल केले, लॅरी सँगर यांना सहसंस्थापक म्हणणारा मजकूर वगळला. इतिहासात सगळं दिसत होतंच, ते उघड झालं आणि त्यांना जाहीरपणे खेद व्यक्त करावा लागला. ज्याने दुकान उघडलं त्याची ही गत, तिथे आपले सचिवसाहेब कोण?

जुन्या_मिलचा_भोंगा

हे साहेबांना नका सांगू ताई. ते म्हणतील वेल्सने केलं मग आपण का नाही.

पूर्वभागातला

मला इथे थोडं वेगळं बोलायचंय. हे नियम ज्या गावात केले तिथे लिहिणारे हजारो असतील. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागाचं काय? पद्मशाली विणकर तेलंगणातून इथे आले, हातमाग, यंत्रमाग, विडी वळणाऱ्या बाया, घरात तेलुगू, शाळेत मराठी. यावर लिहिणार कोण? ज्याला आस्था आहे तोच. आणि आस्था ज्याला आहे तो समाजाचाच. माझी आजी विड्या वळायची. माझे काका समाजाच्या संस्थेत आहेत. मी लिहिलं तर ‘हितसंघर्ष’, आणि ज्याचा काही संबंध नाही तो कशाला लिहील? मग आमचं पान कोरंच राहायचं का?

हैदराबाद रोडवरून गेलं तरी लोक विचारतात, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ शंभर वर्षांहून जास्त काळ झाला इथे येऊन. तेवढं तरी कुठे नीट लिहिलेलं असावं.

चावडीकर

तुमचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, आणि त्यावर माझं उत्तर अर्धंच आहे.

सोलापूरच्या माणसाने सोलापूरवर लिहिणं, पद्मशाली माणसाने पद्मशाली समाजावर, शिक्षकाने शिक्षणावर, भक्ताने सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेवर लिहिणं, हा हितसंघर्ष नाही. जात, धर्म, गाव, भाषा, मत यांवरून कुणाला अडवत नाहीत. बाजू घेऊन लिहिलं तर ती तटस्थतेची चूक, ती कुणाचीही होऊ शकते, दुरुस्त होते. अडचण येते ती पद, पगार, धंदा, नातं आलं की. तुम्ही पूर्व भागाच्या विणकरांवर बेधडक लिहा. काका ज्या संस्थेत पदाधिकारी आहेत तिच्या पानावर मात्र चर्चेतून.

अर्धं म्हणालो ते यासाठी : मराठीत चर्चा पानावर विनंती टाकली तर उत्तर येईलच असं नाही. इंग्रजीवर अशा विनंत्यांची रांग असते, उशिरा का होईना कुणीतरी बघतं. आपल्याकडे माणसंच कमी. मी लोकांना सांगतो की विनंती टाका, मग चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, एक ओळ लिहा, एखाद्या सक्रिय सदस्याच्या चर्चा पानावर निरोप ठेवा. तरीही महिनोन्‌महिने काही हालत नाही, असं झालेलं आहे.

नवी_पेठ_वार्ताहर

म्हणजे प्रामाणिक माणूस रांगेत उभा आणि लबाड माणूस खोट्या नावाने कधीच लिहून मोकळा.

चावडीकर

हो. तसंच आहे. लबाड पकडला गेला की त्याचं सगळं धुऊन जातं, एवढाच काय तो दिलासा.

मार्शल_लॉ_चा_नातू

नाव वाचून कळलं असेल. १९३० च्या सोलापुरातल्या मार्शल लॉच्या वेळी आजोबा तुरुंगात होते. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, ते सगळ्यांना माहीत आहे, चार पुतळ्यांमुळे तरी. पण मे महिन्यातल्या त्या दिवसांत किती सामान्य लोक होते, त्यांची नोंद कुठेच नाही. आजोबांची हस्तलिखित वही माझ्याकडे आहे. त्यातली माहिती मी विकिपीडियाच्या पानावर घातली तर उलटवली. कारण काय, तर ‘अप्रकाशित साधन’. वही खोटी आहे का?

चावडीकर

वही खोटी आहे असं कुणी म्हणत नाही. वाचणाऱ्याला ती पडताळून बघता येत नाही, एवढंच म्हणणं. उद्या दुसरा कुणी ‘माझ्याकडे पण वही आहे, त्यात उलटं लिहिलंय’ म्हणाला तर आम्ही काय करायचं? आणि तुम्ही नातू, त्यामुळे आजोबांच्या कामगिरीबद्दल तुमच्या हातून चार शब्द जास्त पडणारच. पडायलाच हवेत, पण तिथे नाही.

वही स्कॅन करून एखाद्या इतिहास विभागाला, अभिलेखागाराला दाखवा. विद्यापीठाचा विद्यार्थी त्यावर काम करेल, त्याचा लेख चांगल्या नियतकालिकात येईल, मग तो संदर्भ. लांबचा रस्ता आहे. दरम्यान गॅझेटियर विभागाने काढलेल्या स्वातंत्र्यसैनिक चरित्रकोशात आजोबांचं नाव आहे का बघा. असेल तर आजच चर्चा पानावर सांगा.

मार्शल_लॉ_चा_नातू

चरित्रकोश माहीत होता, बघितला नव्हता. बघतो. स्कॅनचं म्हणाल तर घरात मतभेद आहेत, धाकट्या काकांना वही बाहेर जायला नको आहे. असो, तो वेगळा धागा होईल.

शेल्फ_क्रमांक_९

चर्चा फार छान झाली. आता माझ्याकडचं सांगते.

साहेबांना सांगितलं. वेल्स यांचं सांगितलं नाही (भोंगादादा, धन्यवाद). एवढंच म्हटलं की पुसलेलं दिसतं, आणि पुसणाऱ्याचं खातंही दिसतं. ते गप्प बसले. मग म्हणाले, “मग कॉलेजच्या नावाने खातं काढा.” म्हटलं, खातं एकेका माणसाचं असावं लागतं, आणि इंग्रजीवर तर संस्थेच्या नावाचं खातं चालतच नाही. शेवटी म्हणाले, “बरं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, पण ते भांडण एवढं ठळक नको.”

तर मी अंक पुन्हा चाळले. वाद मिटल्याची बातमी सापडली. आतल्या पानावर, एका कॉलमची, छोटीशी. वाद झाला तेव्हा पहिलं पान, मिटला तेव्हा पान सात! ती कुणी विकिपीडियावर घातलीच नव्हती. चर्चा पानावर हे लिहिलंय :

“मी या संस्थेत नोकरीला आहे आणि वरिष्ठांच्या सूचनेवरून ही विनंती करत आहे, म्हणून लेखात स्वतः बदल करत नाही. १) विश्वस्तांच्या वादाचा परिच्छेद काढू नये, मात्र तो तडजोडीने मिटल्याची नोंद सोबतच्या बातमीवरून जोडावी. २) स्थापनेचं वर्ष आणि महाविद्यालयांची यादी अपुरी आहे, त्यासाठी जिल्हा गॅझेटियरचं पान आणि विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांची यादी देत आहे. ३) संस्थापकांच्या जन्म-मृत्यूच्या तारखांसाठी संस्थेनेच काढलेला गौरवग्रंथ उपलब्ध आहे. तो स्वतंत्र नाही, हे लक्षात घेऊन वापरावा.”

ठीक आहे का?

चावडीकर

ठीक काय, नमुना म्हणून दाखवण्यासारखं आहे. गौरवग्रंथातून तारखा घ्यायला हरकत नसते, कौतुक घ्यायचं नसतं. आणि परिच्छेद लहान करण्याची मागणी तुम्ही केलीच नाहीत ते फार चांगलं. बाकीचा मजकूर वाढला की तो आपोआप प्रमाणात येईल.

फक्त हे बदल मी करणार नाही. इतके दिवस तुम्हाला सल्ला देतोय, आता मीच तपासनीस म्हणून बसलो तर बरं दिसत नाही. दुसऱ्या कुणीतरी करावं.

अक्कलकोट_रोड

मी करू का? माझं खातं आहे. पण आमची भाची त्याच कॉलेजात आहे. बी. कॉम.ला.

चावडीकर

राहू द्या मग.

नवी_पेठ_वार्ताहर

मी केलं असतं. पण पहिल्या पानावरच्या ज्या बातमीचा संदर्भ लागलाय, ती बहुतेक माझीच आहे. मलाही सोडा.

पूर्वभागातला

घ्या! मी म्हणत होतो ना. सोलापुरात संबंध नसलेला माणूस शोधून दाखवा.

जुन्या_मिलचा_भोंगा

मी हाय की. माझं त्या संस्थेत कोणी शिकलं नाही, कोणी नोकरीला नाही, आणि सचिवसाहेब कोण तेबी माहीत नाही. पण मी तर पहिल्यांदा काढून टाका म्हणलो होतो.

चावडीकर

चालेल. अट एकच, इथे आम्ही बोललो म्हणून करू नका. तिन्ही बातम्या स्वतः वाचा. वाचून तुम्हाला ताईंची विनंती पटली नाही तर तसं चर्चा पानावर लिहा आणि बदल करू नका. आणि या धाग्यावरून आलात हेही तिथे नमूद करा.

जुन्या_मिलचा_भोंगा

वाचतो. खातं उघडायला काय लागतं मालक? नाव हेच ठेवलं, जुन्या मिलचा भोंगा, तर चालतंय का? वर कंपनीच्या नावाचं चालत नाही म्हणाले ताई.

चावडीकर

बिनधास्त ठेवा. मिल बंद पडून जमाना झाला, तिची जाहिरात होण्याची भीती नाही.